आईच्या आवाजाचा वेग

११ फेब्रुवारी २००३, मंगळवार

कॅसेट मिळाली एकदाची. तीन दिवस मागत होते. आधी म्हणे सापडत नाही. मग म्हणे फीत जुनी आहे, तुटेल. आज कपाटासमोर खुर्ची टाकून बसले, तेव्हा कुठे मावशीच्या कमरेची किल्ली निघाली.

मावशी, म्हणजे लताबाई. बाबांची दुसरी बायको. मी तिला कधी आई म्हटलं नाही. तिनेही म्हणायला लावलं नाही.

माझी आई मी अडीच वर्षांची असताना गेली. तिचा धड एक फोटो नाही. आहे ती ही कॅसेट — आईने गायलेली अंगाई. लहानपणी रोज हीच ऐकून झोपायचे. आता सातवा लागलाय, बाळंतपणाला माहेरी इंदिरानगरला आलेय, तर बाळासाठी हिची सीडी करून घ्यावी, एवढंच मनात होतं.

‘कशाला उगाच कंप्युटरवर घालायची?’ मावशी तीनदा म्हणाली. तिचं काय जातंय?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रिक्षाने द्वारका चौकात जाऊन आले. अदनानभाईंचा स्टुडिओ म्हणजे एका दुकानामागची खोली, भिंतींना जाड सतरंज्या ठोकलेल्या. माणूस चाळिशीचा, शांत. पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे.

कॅसेट लावली, कंप्युटरवर फाईल झाली. त्यांनी ऐकली आणि कपाळाला आठी.

‘ताई, अंगाई आहे ना ही? मग एवढी पळते कशाला? हिने बाळ झोपायचं नाही, उठून बसेल.’

मला तसं कधी वाटलं नव्हतं. मी अशीच ऐकत आलेय. यांच्याच मशीनमध्ये गडबड असणार! तोंडावर तसं म्हटलंही. रागावले नाहीत. म्हणाले, फाईल एका मापाने भरली आणि दुसऱ्या मापाने वाजवली तर पळते कधीकधी. तपासून बघतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फाईल ठीक आहे. पळतेय ती कॅसेटच.

त्यांनी आवाज तोच ठेवून नुसती लय हळू करून दाखवली. भयंकर वाटलं. शब्द ओढून ताणल्यासारखे, आई गुंगीत असल्यासारखी. बंद करायला लावलं.

‘असं कशाने होतं?’ विचारलं.

‘भरताना मोटर हळू असेल. नाहीतर मागाहून कुणीतरी दुसऱ्या मशीनवर पुन्हा भरलेली असेल.’

पुन्हा भरलेली. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. बाबा असते तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, जन्मभर रेडिओ आणि पुढे टेप दुरुस्त केले. पण त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून कपाटाची किल्ली मावशीकडे.

ती डिंकाचे लाडू वळत होती. ‘झालं का काम?’ — माझ्याकडे न बघता. नाही म्हटलं. तिला बरं वाटलं. मला दिसलं ते.

१६ फेब्रुवारी

लाडू खाल्ला नाही. जळजळतंय म्हणून सांगितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मी पोचायच्या आधीच अदनानभाईंना फोन गेला होता.

‘तुमच्या घरून बाई बोलत होत्या. काम थांबवा म्हणाल्या. कॅसेट आहे तशी परत द्या, ताईंना काही सांगू नका.’

‘आणि तुम्ही सांगताय.’

‘कॅसेट तुम्ही दिलीय ना. मग तुम्हाला सांगणार.’

काम थांबवायचं नाही म्हटलं. मग त्यांनी मला हेडफोन लावले. गाणं सुरू व्हायच्या आधीची जागा. नुसती घरघर, त्यात एक बारीक घुंऽऽ.

‘ही घरातली वीज. आपल्याकडे तिचा सूर ठरलेला, सेकंदाला पन्नास कंपनांचा. इथे अठ्ठावन्न दिसतोय. गाणाऱ्याची लय कमीजास्त असू शकते, ताई. वीज घाईत नसते.’

म्हणजे तो अठ्ठावन्नचा पन्नासवर आणायचा, की सगळं गाणं, लय आणि आवाज दोन्ही, आपोआप मूळ जागी येईल. शुक्रवारी बोलावलंय.

रात्री मावशी पाय चेपू का म्हणून विचारत होती. नको म्हटलं. एवढं काय लपवतेय ही?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अदनानभाईंनी घुंऽऽ पन्नासवर आणला.

चार मिनिटं दहा सेकंदांची फाईल चार पन्नासची झाली. लय अगदी पाळण्याच्या झोक्यासारखी. आणि आवाज उतरला. तो कोवळा, बारीक आवाज गेला, त्या जागी भरदार, किंचित घोगरा. दोन कडव्यांच्या मध्ये बाईने घसा खाकरला. दोनदा, तुटक. हे खाकरणं मी रोज सकाळी स्वयंपाकघरातून ऐकते.

चारदा लावायला सांगितलं. चारही वेळा तीच. मावशी!

म्हणजे आईचा आवाज पुसला हिने. त्याच्यावर स्वतःचा भरला आणि मला आयुष्यभर तो आईचा म्हणून ऐकवला. म्हणून किल्ली. म्हणून फोन.

अदनानभाई पाण्याचा ग्लास देऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर बोलले नाही. बोलले तर ती रडेल आणि वाईट मी ठरेन.

२२ फेब्रुवारी

देवळ्याला चिमामामांना फोन केला. आईचे सख्खे भाऊ. ‘मला न्यायला या. बाळंतपण तिकडेच करायचं.’ का म्हणून विचारलं. आल्यावर ऐकवते म्हटलं.

मावशीने ऐकलं असणार. जेवायला हाक मारली नाही, ताट झाकून ठेवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मामा आले. ते आणि मावशी, दोघांच्या समोर अदनानभाईंनी करून दिलेली सीडी लावली. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, ‘पोरी, आमच्या अक्काचा आवाज टेप व्हईल कसा? ती गेली तवा या घरात टेप कुठं व्हता? तुझ्या बापानं तो लताबाई आल्यावर आणला.’

मी मावशीकडे बघितलं. ती दाराशी उभी.

‘सहा वर्षांची होतीस,’ म्हणाली. ‘आईचा आवाज ऐकव म्हणून लोळण घ्यायचीस. मी गायला लागले की कान झाकायचीस. मग तुझ्या बाबांनी मोटर हळू करून माझं गाणं भरलं. मग नेहमीच्या वेगाने लावली की आवाज बारीक यायचा. तुला ओळखू आला नाही.’

‘एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं असतं, तर तुझ्याकडे तिचं काय राहिलं असतं?’