चिंधीखाली दाबलेली गाठ

बा, आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोवर तू सागाचे ओंडके ट्रकवर चढवायचास, त्या दिवसांतलं एक तुला सांगायचं राहून गेलं आहे. आई गेल्यापासून घरात आपण दोघंच. मी अठरा वर्षांची होते. तुझ्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती. ओंडका उचलला किंवा विडीचा खोकला लागला की फुगायची, आडवा झालास की आत जायची. तू तिच्यावर चिंधीची घडी ठेवून लंगोट आवळायचास. एकदा मी विचारलं तर अंगावर धावून आलास. "बापाच्या अंगाकडे पाहतेस? लाज नाई वाटत तुले?" त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडलं नाही.

उन्हाळ्यातली ती सकाळ. तू खाटेवर वाकडा होऊन पडला आहेस, घोटभर पेज प्यालास तीही उलटून पडली आहे. गाठ आत जात नाही. दगडासारखी टणक, वरची कातडी लाल. दोन्ही हातांनी दाबतोस आणि ओरडतोस. डेपोचा ट्रक चांद्याला, जिल्ह्याच्या गावी, निघाला होता. हमालांनी ओंडक्यांवर पोती टाकून तुला निजवलं. वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता, उन्हाळ्यात गाड्या कोरड्या पात्रातून जायच्या. आष्टीच्या घाटावर वाळूत चाक रुतलं. सगळे उतरून ट्रक ढकलत होते आणि वर तुझं पोट फुगत चाललं होतं. चांद्याचा दवाखाना गाठेपर्यंत दुपार कलली.

डॉक्टरांनी गाठीला हात लावला आणि मला व्हरांड्यात नेलं. "अंतर्गळ आहे. पोटाची भिंत एका जागी कमजोर होते. ओझं उचलून, खोकून तिथून आतडं बाहेर येतं. आत जात होतं तेव्हाच आणायला हवं होतं, शिवून टाकलं असतं. आता ते अडकलंय, त्याला रक्त पोचत नाही. लगेच पोट उघडलं नाही तर आतडं सडेल, माणूस हातचा जाईल. त्यांना विचारून ये."

मी जवळ आले तशी तू माझं मनगट धरलंस. "पोट फाडू देऊ नको, पोरी. फाडलेला माणूस घरी येत नाई. मरू दे मले."

"फाडत नाई, बा. गुंगीचं औषध देऊन गाठ आत सरकवते म्हणते डाक्टर."

तू मान डोलावलीस. मी बाहेर जाऊन सांगितलं, बा हो म्हणाला, आणि कागदावर सही केली.

वीतभर आतडं काढावं लागलं, पण तू वाचलास. पुढे बारा वर्षं जगलास. टाके दिसले त्या दिवसापासून मात्र भेटेल त्याला सांगायचास, "त्या डाक्टरानं मले फसवलं." एकदा तेच डॉक्टर गावात रोगी तपासायला आले आणि मुद्दाम आपल्या दारी आले. तू त्यांच्या तोंडावर म्हणालास, "मले न विचारता फाडलं तुम्ही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपातले तांदूळ निवडत राहिले. त्यांनी तुला एवढंच विचारलं, "आता दुखतं का, भाऊ?" तू तोंड फिरवलंस.

फसवलं मी होतं, बा. जीव वाचवला याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण त्या भल्या माणसासमोर मी मान वर केली नाही. खरं सांगितलं तर तू माझ्याशी बोलणं टाकशील, एवढीच भीती होती.