पाठीवरचं

मी, या नदीवरच्या एकुलत्या एका पुलाचा गवंडी, वय शहात्तर, गुडघे गेलेले पण डोके ठिकाणावर, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय स्वहस्ते लिहून ठेवतो. आधीची दोन मृत्युपत्रे फाडली आहेत. ती खोटी होती.

कलम १. राहते घर सुनेच्या नावे करावे. मुलाच्या नव्हे. त्याला लोकांनी दिलेला मान आहे, त्यावर त्याने खुशाल राहावे.

कलम २. माझा ओळंबा सुताराला द्यावा. पूल आपल्या लाकडी साच्यामुळेच उभा राहिला असे तो गावभर सांगत फिरतो. जन्मभर त्याच्याशी भांडलो. आता म्हणतो, बाबा रे, सगळे श्रेय तूच घे, मला सोडव.

कलम ३. यात द्यायचे काही नाही, सांगायचे आहे. तीन वेळा खांब वाहून गेले. चौथ्या वेळी नदी बोलली. "माझ्यावरून चालायचं असेल तर पाठीवरचं देत जा." माझ्या पाठीवर चुन्याचे पोते होते. म्हटलं, एवढंच ना? घे! त्याच दुपारी माझ्या पाठीवरचा भाऊ, एकोणीस वर्षांचा, हातातली थापी खाली ठेवून सरळ पाण्यात चालत गेला. हाका मारल्या, वळून पाहिले नाही. पोते माझ्या पाठीवर तसेच.

ती 'दे' म्हणाली नव्हती, 'देत जा' म्हणाली होती, हे मला मुलगी गेल्यावर उमगले. मुलाच्या पाठीवरची, चार वर्षांची. ताटावरून उठली, हात धुऊन येते म्हणाली. मी काठावर जाऊन ओरडलो, कुठवर? "पूल उभा आहे तोवर." पूल पाडायचे बळ तेव्हा माझ्या अंगात होते. पण मला पाहून लोक उठून उभे राहू लागले होते, आम्हाला पूलकर म्हणू लागले होते. मी घरी आलो, बायकोला खरे सांगितले. त्यानंतर सव्वीस वर्षे ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बरोबर केले तिने.

कलम ४. सुनेला नववा महिना लागला आहे. पाच वर्षांच्या नातीच्या पाठीवरचं मूल येऊ घातले आहे. त्याआधी मुलाने मधल्या कमानीच्या माथ्याचा दगड काढावा. बाकीचा पूल आपोआप खाली येईल. पहार व घण त्याच्या नावे. परवा मीच पहार घेऊन गेलो होतो, गावातल्या दोघांनी उचलून घरी आणून टाकले. गावातले कोणी हात लावणार नाही, सगळ्यांची पोटे पलीकडच्या बाजारावर आहेत. सुनेला माहेरी पाठवून भागणार नाही, नदी कुठल्याही पाण्यातून हाक मारते.

मुलगा समोरच बसला आहे. म्हणतो, "बाबा, पूल गेला तर आपल्याला विचारतंय कोण? आणि एकच मूल राहिलं तर काय बिघडतं? मी नाही का वाढलो?"

"अरे गाढवा, तू वाढलास कारण तू आधी आलास!"

तो हसला. सून चार दिवस विचारते आहे, "मामंजी, ते ऐकतील ना?" मी हो म्हणत आलो. मला तसे वाटत नाही. शपथेवर सांगतो, नाही वाटत.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: पुलाचे एकोणपन्नासावे वर्ष, पूर ओसरल्याचा आठवा दिवस
सही: गवंडी

साक्षीदार पहिली: सुईण. सही माझ्यासमोर झाली. बाळंतपणाला फार तर दहा दिवस.

साक्षीदार दुसरा: पूलकर, मुलगा. वडील पूर्ण शुद्धीत होते. कलम ४ सोडून बाकी सर्व अमलात आणीन.