उलार

बा, आज दिवसभर साहेबाच्या बोटीची मोटर वर-खाली करत होतो आणि तू आठवत होतास. रडू वगैरे आलं असं नाही. माणूस थकला की हातापाशी जे असतं तेच डोक्यात येतं. पैनगंगेच्या काठी सरकारी लोकांचे तंबू पडले आहेत, नदीचं पाणी मोजायला आणि धरण कुठं बसेल ते बघायला. त्यांच्याकडे पत्र्याची एक हलकी बोट आहे, मुंबईहून ट्रकवर घालून आणलेली. तिला चिमटा काढला तरी पळेल अशी मोटर आहे आणि मी तिचा मिस्त्री. पण साहेबाला ती अजून पळायला हवी. मोटर जिथं अडकवतात त्या मागच्या फळीवर लाकडाची चीप घालायची, म्हणजे मोटर अंगठाभर वर येते. पाण्यात बुडालेला भाग कमी झाला की ओढ कमी लागते आणि बोट पाण्यावर नुसती घसरत जाते. फार वर घेतली तर वळणावर पंखा पाणी सोडून हवा गिळतो, मोटर किंचाळते आणि बोट बसते जागच्या जागी. मग चीप काढा, मोटर उतरवा, पंखा बदला, पुन्हा जा. साहेब काठावर छत्री धरून उभा. "अजून थोडी वर घेऊन बघ ना," म्हणतो. त्याच्या त्या 'थोडी'पायी माझी कंबर गेली.

तुला सांगायचं म्हणजे मी मधल्या काळात बरंच काय काय केलं. नागपुरात ट्रकच्या गॅरेजात होतो, गोंदियाला तांदळाच्या गिरणीत होतो, मग मुंबईच्या खाडीवर कोळ्यांच्या लाँचा दुरुस्त केल्या. तिथं एक शेठ होता, त्याला बोटींच्या शर्यतींचा नाद. वेगाच्या बोटीचे हे सगळे नखरे मी त्याच्याकडे शिकलो. शेठचा एक पोपटही होता, तो मोटरीसारखा आवाज काढायचा, पण ते जाऊ दे. बोटीची पहिली मोटर मी आपल्याच अंगणात पाहिली, ते सांगायचं होतं.

तेव्हा मी दिग्रसहून घरी आलो होतो, कापसाच्या जिनिंगमधलं काम सोडून. कितवं काम सोडलं होतं ते तुलाही विचारावंसं वाटलं नसेल. याडी चुलीपाशी भाकरी थापते आहे. धुरानं तिचे डोळे लाल झालेत. मी गोठ्याकडे पाहतो तर दावणीला बैल नाहीत.

"याडी, बैल कुठी गेले?"

ती हनुवटीनं अंगणात दाखवते. तिथं पोत्यावर एक जुनी मोटर आडवी पडली आहे, बाजूला तिचे दोन पंखे.

"तुह्या बापानं जोडी देली अन् हे लोखंड आणलं."

"कायले?"

"मले काय विचारतं? तुले नाई माहीत कायले?"

माहीत होतं. साऱ्या तांड्याला माहीत होतं. आपल्या पिढ्या बैलांवर माल वाहण्यात गेल्या, तू बंडीवर कापूस वाहिलास, मग ट्रक आले आणि तुझी बंडी उभी राहिली. तरी ती जोडी तू विकली नव्हतीस. सागवानाचा तो ठेकेदार मागत होता तेव्हा त्याला दारातून हाकलला होतास. आणि आता त्यालाच जोडी देऊन त्याची ही नदीवरची मोटर घेऊन आलास. मला 'घरी राहा' असं तू कधी म्हणाला नाहीस. तू एवढंच म्हणालास, "नावाड्याचे हात थकले. नाव हाय त्याची, मशीन हाय आपली. तू मशिनीतला माणूस. चालवू."

पंख्यांवरून आपलं पहिलं भांडण. एक पंखा तीन पात्यांचा, उभ्या वळणाचा. तो एका फेऱ्यात जास्त पाणी मागं टाकतो, म्हणजे वेग जास्त. दुसरा रुंद आणि चपट्या वळणाचा, हळू पण ओढीचा. मी अर्थातच पळणारा लावला. तू तो हातात फिरवून पाहिलास आणि म्हणालास, "घाटात भरली बंडी असन तं तट्टू जुपते का कोणी? थे दुसरं लाव, थे बैल हाय." मी ऐकलं नाही. म्हातारा नावाडी नावेत बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "बापलेक आधी ठरवा, मंग मले उठवा."

बाजाराच्या दिवशी नाव भरली. टोपल्या, कोंबड्या, एक बकरी, बायामाणसं. बकरी कोणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, नंतरही तिला कोणी न्यायला आलं नाही म्हणे. तू पुढं नाकाडावर बांबू घेऊन उभा आहेस, मी मागं मोटरीपाशी. नदी भरलेली, मधोमध पाणी तांबडं आणि जोरात. मी दोरी ओढतो, मोटर लागते, मी वेग देतो. वेग दिला की नावेचं पुढचं तोंड उचलतंच, मागचा भाग पाण्यात बसतो. तो मोटरीचा धर्मच आहे. पण तू जन्मभर बंडी हाकलेली. मागं ओझं जास्त झालं की धुरी उचलते, जुवाचे पट्टे बैलांचे गळे आवळतात. तुझ्या पायाखालची फळी उचलली आणि तुझ्या तोंडून आपोआप निघालं,

"उलार झाली! समोर सरा!"

नावेतली सगळी माणसं बंडीचीच. उलार म्हटल्यावर विचार कोण करतो? सगळी एकदम उठली आणि पुढं सरली, टोपल्यांसकट. बकरीसुद्धा. पुढचं तोंड दाणकन खाली आलं, मागचा भाग वर, आणि पंखा पाण्याबाहेर. मोटर अशी किंचाळली की काठावरचे लोक पळाले. मग पंखा पुन्हा पाण्यात आपटला, आणि धक्का बसताच आतली पिन तुटली. मोटर सुरू, पंखा थांबलेला. नाव धारेला लागली. पुढून पाणी आत यायला लागलं, बाया टोपल्यांनी उपसायला लागल्या, पण टोपलीत पाणी राहतं कुठं? तू आणि नावाडी दोघांनी बांबू लावले. माझ्या हातात करायला काही नव्हतं. ते मला अजून स्वप्नात दिसतं, माझे रिकामे हात. खूप खाली कोणाच्या तरी ज्वारीच्या वावरापाशी नाव चिखलात रुतली. सगळे जिवंत.

एक म्हातारी लुगडं पिळत म्हणाली, "मोटरीवाल्या, नदीपार न्यायचं होतं का समुद्रात?" सगळे हसले. दुसरा कोणी म्हणाला, "बापाचे बैल गेले अन् पोट्ट्याचं विमान बी गेलं." पुन्हा हसले. मी मान खाली घालून मोटर चाचपत होतो आणि मनात ठरवत होतो, उद्याच्या एसटीनं जायचं. तेव्हा तू गुडघाभर चिखलात उभा राहून बोललास.

"पोट्ट्याची चूक नाई. उलार म्या म्हणलो. नाव हाय, बंडी नोय, हे मले समजलं नाई."

एवढंच. बंडीतलं वजन डोळ्यांनी ओळखणारा माणूस म्हणून तुला चार गावं बोलवायची, आणि तू त्याच लोकांसमोर हे बोललास. मी उद्याच्या एसटीनं गेलो नाही.

सकाळी मी मागची फळी तासून मोटर खाली घेतली, पंख्याच्या वरची पत्री नावेच्या तळाच्याही खाली जाईल अशी. आणि तुझा बैल लावला, तो रुंद पंखा. तू उकिडवा बसून पाहत होतास.

"मंग हिचं समोरचं उचललं तं उचलू द्यायचं?"

"हो बा. मागं वजन पायजे."

"म्हंजे सारं उलटंच."

त्यानंतर तू नाकाडावर उभा राहिला नाहीस. माझ्याजवळ, मोटरीला पाठ लावून बसायचास, वजन म्हणून. पुढचं तोंड उचललं की तुझे ओठ हलायचे आणि तू ते गच्च मिटायचास. पूर्ण पावसाळा मी तुझे ओठ बघत नाव पार केली. एवढ्या जवळ आपण आधी कधी बसलो नव्हतो.

दिवाळीनंतर नदी उतरली, लोक पायी पार व्हायला लागले. माझ्या पायांनाही खाज सुटली. तू एसटीपर्यंत आलास, माझं गाठोडं तूच वर दिलंस. "पावसाळ्यात पाणी येईन," म्हणालास. मी "हो" म्हणालो. पाणी यायच्या आधीच तू तापानं गेलास. मला कळलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती. मी आलो, याडीपाशी बसलो, आणि पुन्हा निघालो.

आता साहेब हाक मारतो आहे, मोटर उतरवून तेल पुसायची आहे. आपला तांडा या तंबूंपासून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल एवढाच दूर आहे. इथं येऊन मला दोन महिने झाले. याडीला ठाऊक नाही. पोस्टाची पिशवी रोज जाते, पण मी लिहायला बसलो तो तुला. तिला लिहिलं असतं तर ते पोचलं असतं.