बाहीची गोलाई

रविवार, संध्याकाळ. माधवनगर

परवा पायलटच्या परीक्षेचा नेव्हिगेशनचा पेपर. तिसऱ्यांदा देतेय. आज पुन्हा तिथंच अडकले. विमानाची सगळ्यांत जवळची वाट नकाशावर वाकडी का दिसते? पाठ आहे, पण पटत नाही.

माझ्या अभ्यासासाठी अब्बा महिनाभर संध्याकाळी शिलाई मशीन बंद ठेवतात. लग्नाच्या कपड्यांचा ढीग तसाच पडलाय. आज ते नकाशात डोकावले, तर मी चिडून म्हणाले, "तुमाला न्हाई कळायचं हे."

त्यांनी एक कापड पसरलं. मग खडूनं कापडावर बाहीची गोलाई आखली. "ही रेघ वाकडीच कापावी लागती. अंगात घातली की बघ कशी सरळ बसती. तुजा नकाशा म्हंजे न शिवलेलं कापड हाय. पृथ्वीच्या अंगात घालून बघ."

पटलं! पण तसं का बोलले मी त्यांना? माफी मागायला गेले, तर तोंडातून भलतंच निघालं. "अब्बा, मशीन चालवा. आवाजाशिवाय माझा अभ्यासच होत न्हाई."

"लबाड हायेस," म्हणाले, आणि मशीनवर बसले.

खोटंच होतं ते. पण आता मशीन थांबलं की माझंही पेन थांबतंय.