तिसरं भावंड

धुळे, १४ मे

प्रिय अक्का,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की तुझ्या सासूबाईंच्या, माहीत नाही. कोणी आधी फोडलं तर फोडू दे. दोनदा फोन केला होता, आठवतं ना? दोन्ही वेळा फैजपूरला किती तापलंय एवढंच विचारून ठेवला. तू म्हणालीस, "अगं, हे विचारायला फोन केलास?" नव्हता केला.

आधी जगदीशचं सांगते, कारण तुझा जीव तिथे अडकलेला असेल. केमोच्या सलाईनचं तिसरं चक्र संपलं. ताप नाही, तोंडातले फोड बसलेत, परवा अर्धी भाकरी खाल्ली. केस गेलेत म्हणून आबांची टोपी घालून ओट्यावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सरपंचासारखा हात करतो. त्याच्या रक्ताची काच मी स्वतः आमच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. दिवाळीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मोठमोठ्या, कच्च्या पांढऱ्या पेशींनी सगळी काच भरलेली होती. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाची राखण करणारी माणसं. त्याच्या हाडांत त्या पिकतच नव्हत्या, नुसत्या वाढत होत्या. न भरणाऱ्या घडांनी आख्खी बाग अडवावी, तसं. आता काच स्वच्छ आहे. पण नाशिकचे डॉक्टर म्हणतात, ही स्वच्छता टिकणारी नाही. दोन महिन्यांच्या आत दुसऱ्या कोणाच्या निरोगी पेशी त्याच्या अंगात गेल्या पाहिजेत. सख्ख्या भावंडाच्या असल्या तर सगळ्यात बरं.

माझ्या जुळल्या हे तुला आईने सांगितलंच आहे. दहापैकी दहा. त्या दिवशी आईने अर्ध्या गल्लीला वरण-बट्टी जेवू घातली. आबांनी माझी बट्टी स्वतः कुस्करली, वर तूप ओतलं, "मयुरीले अजून वाढा" म्हणत राहिले. आपले आबा, अक्का, ज्यांनी कधी कोणाच्या ताटाकडे पाहिलं नाही. जगदीश म्हणाला, "मयुरे, तुह्यं रक्त आलं म्हणजे मी बी तुह्यासारखा रडका होईन का वं?" सगळे हसले. मी उठून मोरीवर गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मी फार थकलेय. कामाने नाही. सकाळी उठते तेव्हाच दिवस संपल्यासारखा असतो. धुळ्यात सध्या चव्वेचाळीस आहे. बसस्टँडपासून लॅबपर्यंत चालते तर डावा पाय कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा ओढावा लागतो आणि उजव्या डोळ्यापुढे धूर येतो. लॅबच्या गारव्यात तासभर बसलं की दोन्ही जातं. हे दोन वर्षांपासून आहे. ते सुरू झालं त्या वर्षीच्या दिवाळीत मी घरी सांगितलं होतं की चष्म्याचा नंबर वाढलाय. नंबर वाढला नव्हता. इथल्या नसांच्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढला, पाठीतलं पाणी तपासलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव लिहिलं. माझ्या पांढऱ्या पेशी जगदीशसारख्या कच्च्या नाहीत. पुऱ्या पिकलेल्या आहेत, फक्त त्यांना आपलं-परकं कळत नाही. मोटारीच्या वायरवरचं रबर खारीने कुरतडावं तसं त्या माझ्या नसांवरचं आवरण खातात. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही, किंवा उशिरा पोचतो. रोज दोन गोळ्या घेते. बरं होणार नाही. सावकाश चालेल, असं म्हणतात.

तेव्हा भुसावळचं स्थळ आलेलं होतं. आईला काळजी नको म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. खरं म्हणजे भीती वाटली. आपल्या असोद्यात एकदा 'पोरीला नसांचा आजार' हे शब्द फिरले की ते माझ्याआधी घराघरात पोचले असते. स्थळ तर तसंही मोडलं. मी गप्पच राहिले. खोटं बोलायचं नाही हे तूच मला शिकवलंस, शाळेच्याही आधी. चिंचा कोणी खाल्ल्या ते सांगेपर्यंत तू मला ओट्यावरून उठू देत नव्हतीस. आणि तरी नाशिकला पेशी देणाऱ्याचा फॉर्म आला, जुना आजार असा रकाना आला, आबा खांद्याशी उभे होते, तेव्हा मी 'नाही' लिहिलं. वाटलं, आधी जुळू तर दे, नाहीच जुळणार. मी लॅबमध्ये काम करते, अक्का. एका नमुन्यावर चुकीचं लेबल लागलं तर मी रात्रभर जागते. आणि हे मी लिहिलं.

काल सकाळी नाशिकला फोन केला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. फक्त विचारलं, किती वर्षं? मग म्हणाले, तुमच्या पेशी घेता येणार नाहीत. घरच्यांवर उठलेली राखण त्याच्या अंगात सोडायची नाही, आणि पेशी काढण्याआधी जी इंजेक्शनं देतात त्यांनी तुमचंही दुखणं उसळेल. आबांच्या पेशी अर्ध्याच जुळतात, त्यात धोका मोठा. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही दोघंच भावंडं ना? वडिलांनी तसंच सांगितलं होतं."

हो, अक्का, तसंच सांगितलं होतं. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मुलं किती विचारलं आणि आबांनी मला आणि जगदीशला दाखवलं. "हे दोन." बाहेर आल्यावर मी विचारलं, आबा, अक्का? ते म्हणाले, "दिल्या लेकीच्या घरचं आपन पानी बी पेत नही. तिच्या हाडातलं काय मांगू?" तुला ठाऊक आहे, संक्रांतीला तुझ्याकडे आले तेव्हाही बाटली घरून भरून आणली होती. त्यांना तू नको होतीस असं नाही. त्यांच्या हिशेबात तुझ्याकडून घेणं म्हणजे दिलेलं परत मागणं. पण मी तिथे होते. मी डॉक्टरांना सांगू शकत होते. नंतर तू फोनवर विचारलंस, "माझं रक्त का नाही तपासलं कोणी?" तेव्हा मी म्हणाले, "गरज नाही पडली." मग म्हणालीस, "बरं." त्या 'बरं'चं मला रोज ओझं होतं.

म्हणून लिहितेय. काल मी डॉक्टरांना तुझं नाव दिलं, तुला न विचारता: रोहिणी, वय एकोणतीस, सख्खी बहीण. तुझं जुळायची शक्यता चारांत एक आहे. खोटी आशा लावत नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला जळगावच्या त्यांच्या केंद्रात नमुना घेतील, हातातून नेहमीसारखं रक्त. जुळलं तर पुढे पाच दिवस इंजेक्शनं, अंग दुखेल, मग एक दिवस दवाखान्यात. भाऊजी नको म्हणाले, किंवा तुझंच मन झालं नाही, तर मी एक शब्द बोलणार नाही. यायचं ठरवलंस तर एवढंच कर: असोद्याला फोन करू नकोस, आबांना विचारू नकोस. विचारलंस तर ते नाही म्हणतील, आणि ते नाही म्हणाले की तू त्यांचा शब्द मोडणार नाहीस, हे मला माहीत आहे. आधी रक्त दे. मग मी घरी जाते आणि माझा आजार आणि तुझं नाव, दोन्ही त्यांना एकदमच सांगते. गुरुवारी साडेनऊपासून मी केंद्राच्या दारात उभी असेन.

तुझीच,
मयुरी