साठ म्हशींची नावं

नेपल्स, २७ डिसेंबर १७९८

ती. कार्मोसिनाताईस,
धाकट्या अनिएल्लोचा सा. न. वि. वि.

राजेसाहेब खजिन्यासकट जहाजात बसून पळाले, हे तुमच्या दलदलीतही कळलं असेल. फ्रेंच फौज कापुआकडे निघाली आहे आणि खरं सांगू, मी तिची वाट बघतोय. त्यांच्या क्रांतीची तिरंगी फीत कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली आहे. ओर्सोला म्हणते, आमचे हे आधी शहाणे होतात की आधी फासावर जातात, तेच बघायचं.

काळजी तुझी आहे. क्रेशेन्झोदाजींना जाऊन तीन महिने झाले. मेणबत्तीच्या सणापर्यंत, म्हणजे दोन फेब्रुवारीपर्यंत, म्हशी तुझ्या हाकेला आल्या नाहीत, तर कळप आणि झोपडी दुसऱ्या गुराख्याला देणार, असं जहागिरीच्या कारभाऱ्यानं बजावल्याचं कळलं. ताई, बाईच्या हाकेला म्हशी आल्याचं आपल्याकडे कुणी ऐकलेलं नाही. हट्ट सोड आणि आमच्याकडे राहायला ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
अनिएल्लो

व्होल्तुर्नोकाठ, ४ जानेवारी १७९९

चि. अनिएल्लोस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाद्रीबाबा लिहून देताहेत, म्हणून शिव्या घालता येत नाहीत. त्या तू समजून घे.

मी येणार नाही. एकोणीस वर्षं मी या म्हशींच्या शेणात उभी आहे. प्रत्येकीचं नाव मला पाठ आहे: ‘बघतोस काय’, ‘उगाच रुसली’, ‘मी नाही घाबरत’, ‘नवऱ्याला सांग’. नाव सुरात म्हटल्याशिवाय एकही पान्हा सोडत नाही. रोज मी अगदी आमच्या ह्यांच्यासारखा, तुझ्या दाजींसारखा, खर्जातला आवाज काढते. साठांपैकी अठरा येतात. बाकीच्या माझ्याकडे करवसुलीवाल्याकडे बघावं तशा बघतात. आठवण आली की रडते, मग परत हाका मारते.

सध्या कळप नदीपलीकडच्या वाड्यात आहे. तुझे फ्रेंच मित्र त्याच बाजूनं येताहेत म्हणे. त्यांना सांग, लांबून जा.

लोभ असू दे, अक्कलही येऊ दे.
तुझी ताई

नेपल्स, २४ जानेवारी १७९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रजासत्ताक झालं! तीन दिवस गल्लोगल्ली लढाई चालली. गरिबांची फार पोरं मेली, ते डोळ्यांपुढून जात नाही. पण काल चौकात स्वातंत्र्याचं झाड रोवलं आणि मी फीत उघड छातीवर लावून नाचलो. ओर्सोलासुद्धा नाचली.

आनंदात एकच विष कालवलं गेलं. नदीपलीकडचे सगळे कळप फौजेनं खाण्यासाठी नेले, असं ऐकलं. ताई, माझ्याच लोकांनी तुझं घर बुडवलं, मला तोंड दाखवायला जागा नाही. आता तरी ये. खोली झाडून ठेवली आहे.

अपराधी,
अनिएल्लो

व्होल्तुर्नोकाठ, ३ फेब्रुवारी १७९९

चि. अनिएल्लोस,
अनेक आशीर्वाद, आज दुप्पट.

तोंड दाखव, आणि खोली भाड्यानं दे.

ते आले होते खरे, माझ्या मागच्या पत्रानंतर पाचव्याच दिवशी. मी अलीकडच्या काठावर पोचले तेव्हा वाड्याभोवती शिपाई उभे होते, चुली पेटल्या होत्या आणि एक जण सुरा पाजळत होता. कारभारी माझ्या मागे येऊन म्हणाला, की संपलं सगळं, घरी जा. मी यांच्या आवाजात हाका सुरू केल्या. त्या अठराजणींनी माना वर केल्या, बाकी ढिम्म. मग मला असा राग आला, फ्रेंचांचा, कारभाऱ्याचा, मला टाकून गेलेल्या यांचासुद्धा, की नक्कल करायची विसरले. माझ्याच चिरक्या आवाजात ओरडून गायला लागले.

पलीकडे आपला नावाडी बसला होता, त्याला थोडं फ्रेंच कळतं, त्यानं नंतर सांगितलं. एक शिपाई कप्तानाला माझं बोलणं फ्रेंचमध्ये समजावत होता: बाई म्हणतेय, बघतोस काय. बाई म्हणतेय, मी नाही घाबरत. म्हणतेय, नवऱ्याला सांग. कप्तान गोंधळून विचारत होता, की कोणाच्या नवऱ्याला? तेवढ्यात मागे बोरूचं कुंपण कडाडलं. अनिएल्लो, साठच्या साठ! चुली तुडवत, शिपायांना चिखलात लोळवत सरळ पुराच्या पाण्यात शिरल्या. एक गोळी उडाली, ती आभाळात. मग कप्तानच पोट धरून हसायला लागला. दोन दिवसांनी तह झाला, कापुआची कोठारं त्यांना मिळाली, आणि म्हशी राहिल्या.

तीन महिने मी त्या बिचाऱ्यांना मेलेल्या माणसाचा आवाज ऐकवत होते रे. कशा येतील?

काल सणाच्या दिवशी, सगळ्या गुराख्यांसमोर, कारभाऱ्यानं टोपी काढून मुख्य गुराख्याची काठी माझ्या हातात दिली. भांडलास तरी चालेल, पण पत्र पाठवत जा. आणि पाकिटावर क्रेशेन्झोची विधवा असं लिहू नकोस. म्हशीवाली कार्मोसिना लिही. पोचतं.

तुझी ताई