लाँड्रीवाल्या काकूंच्या भाच्या

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा हात हलवत परत. संपादक टेबलाशी येऊन म्हणाले, "या शुक्रवारचं माणूस कुठंय?" जणू मी माणसं पर्समध्ये घालून फिरते.

साप्ताहिकाचं शेवटचं पान माझ्याकडे आलं तेव्हा केवढा हुरूप होता. 'मोठ्या मनाची माणसं'. गाजावाजा न करता दुसऱ्यांसाठी झटणारे साधे लोक हुडकायचे, त्यांना भेटायचं, लिहायचं. हुडकले. चौकातल्या दुभाजकावर रोपं लावून स्वतः पाणी घालणारा निवृत्त पोस्टमन. इस्पितळात जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची दाढी करणारा न्हावी. त्याच्यावर छापून आलं आणि दुसऱ्या दिवसापासून धडधाकट लोक दुकानात येऊन सांगायला लागले, "तुम्ही फुकट करता म्हणे!" आता तो मला लांबून बघूनच रस्ता ओलांडतो.

बाबा म्हणाले, "माझ्यावर लिही. तुझ्या जन्मापासून तुला सहन करतोय."

हसायला आलं नाही. एका जागी बसवत नाही हल्ली. स्वयंपाकघरातले डबे उगाच इकडचे तिकडे केले. आता उद्या मीठ सापडायचं नाही.

५ मार्च, बुधवार

वाचकांच्या पत्रांवर पान भागवलं.  

८ मार्च, शनिवार

सापडलं! आणि तेही नाकासमोर.

बाबांचा कोट आणायला कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेले होते. काकू गल्ल्यावर, आणि मागे इस्त्रीला एक नवीन बाई. भुवईवर टाके, ताजे. मला बघितल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं आणि तशीच इस्त्री फिरवत राहिली. गेल्या खेपेला तिथे दुसरी होती — उंच, हात गळ्यात बांधलेला, एका हाताने टॉवेलांच्या घड्या घालायची. त्याच्या आधी आणखी एक. प्रत्येक वेळी काकू सांगतात, "माझी भाची. चार दिवस राहायला आलीय."

आज मी म्हटलं, "काकू, भाच्या तरी किती तुम्हाला?"

"देवाने बहिणी भरपूर दिल्या," म्हणाल्या आणि कोटाची पावती शोधायला लागल्या.

कोट घेऊन निघाले. वळणावर पोचल्यावर डोक्यात उजेड पडला. बाबा एकदा बोलले होते — लाँड्रीवालीला जवळचं कोणी नाही, एकुलती एक, नवरा गेल्यापासून एकटीच असते.

निघताना मी वर बघितलं होतं. वरच्या खोलीच्या खिडकीत एक लहान मुलीचा फ्रॉक वाळत होता.

९ मार्च, रविवार

झोप नाही. मथळे सुचतायत. एकाहून एक सरस.

१० मार्च, सोमवार

दुपारी गेले. दुकान रिकामं होतं. सरळच विचारलं.

काकूंनी नाकबूल केलं नाही, कबूलही केलं नाही. शर्टाची कॉलर पालथी घातली, पाणी मारलं. मग म्हणाल्या, "वर चल."

खोली छोटी. दोन खाटा, एक खिडकी, कोपऱ्यात कपड्यांचा मोठा ढीग. गिऱ्हाईकं टाकून जातात आणि न्यायला येतच नाहीत, ते कपडे. "अंगावरच्या कपड्यानिशी येतात गं. कोणी तर अनवाणी. मग यातलं निवडायला सांगते. मागे एकीने लग्नात घालायचा भारी कोट निवडला. म्हटलं, घाल. तुला राणीसारखं वाटत असेल तर घाल."

टाकेवाली खाटेवर बसली होती. मुलगी तिच्या मांडीत. चारेक वर्षांची असेल. माझ्याकडे बघत होती, रडत नव्हती, हसत नव्हती.

पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "काकू, हे लोकांना कळायला हवं."

"का?"

"तुमच्यासारखं दुसरं कोणी पुढे येईल."

"आणि त्यांच्या आधी तिचा नवरा येईल." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझं नाव छापलंस तर हे दार मला बंद करावं लागेल. बघ बाई."

मग मी विचारू नये ते विचारलं. तुमच्यावर काही असं बेतलं होतं का, म्हणून हे सुरू केलंत?

"सगळ्यांना तसंच वाटतं. काही बेतलं नाही. नवरा देवमाणूस होता माझा. वरची खोली रिकामी होती आणि एक बाई पावसात दारात उभी होती. झालं." मग म्हणाल्या, "पोलिसांत तक्रार देतात त्या. मीच घेऊन जाते. पण तारीख पडेपर्यंत डोकं टेकायला जागा नको?"

काकूंना शब्द दिला. छापणार नाही.

११ मार्च, मंगळवार

छापणार नाही. पण लिहायला काय हरकत आहे? नुसतं लिहायचं. माझ्यापुरतं.

एका बैठकीत लिहून झालं. त्या लग्नातल्या कोटाचा प्रसंग सुरुवातीला घेतला. स्वतःच तीनदा वाचलं. इतक्या वर्षांत असं एकदाही उतरलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

फ्लॅशला वाचायला दिलं. आमचा फोटोग्राफर — गडी मनाचा निर्मळ, पण तोंडात तीळ भिजत नाही. कोणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवेना. हे खरं कारण. बाकीची कारणं मी रात्री पडल्या पडल्या तयार केली होती.

"लई भारी," म्हणाला. "फोटो?"

म्हटलं, फोटो नाही, छापायचं नाही, कोणाला बोलायचं नाही. त्याने मान डोलावली. त्याची मान नेहमीच डोलते.

१४ मार्च, शुक्रवार

फ्लॅशने संपादकांना सांगितलं, लिखाणही देऊन टाकलं. वर लाँड्रीचा फोटोही काढून आला होता, रस्त्यापलीकडून. पाटी स्वच्छ वाचता येते.

संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. माझं लिखाण त्यांच्यासमोर. चष्मा काढून ठेवला होता, म्हणजे त्यांनाही भिडलं होतं. "हे पुढच्या शुक्रवारी जाणार. पहिल्या पानावर."

"मी शब्द दिलाय."

"चांगुलपणा लपवणं हाही एक अहंकार असतो. आपण लोकांना मोठं करतो, बाळ. त्यात वाईट काय?"

वाईट काय ते सांगितलं. नाव बदलू म्हणाले, लाँड्रीऐवजी दुकान लिहू म्हणाले. मी म्हटलं, भुवईवरचे टाके कशाने बदलणार? त्यावर चष्मा पुसत बसले. पण छापणार नाही असं म्हणाले नाहीत. "बुधवारपर्यंत विचार कर."

आणि माझी गंमत बघ — पहिलं पान म्हटल्यावर आतून कुठेतरी बरं वाटलं मला. रस्ताभर स्वतःशी भांडत आले. घराच्या पुढे निघून गेले, परत फिरले.

१६ मार्च, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. ते पंखा उघडून बसले होते. जन्मभर वीजदुरुस्ती केली, निवृत्त झाल्यापासून चांगल्या चालणाऱ्या वस्तू उघडतात.

"तुला काय हवंय," त्यांनी विचारलं, "तिचं नाव व्हावं, का तुझं?"

चिडून उठले. चपला घालून बाहेर पडले आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, दोन्ही वेगवेगळ्या जोडाच्या.

१७ मार्च, सोमवार

नीट क्रमाने लिहिते.

अकराच्या सुमारास ऑफिसात एक माणूस आला. चाळिशीचा, शर्ट कडक इस्त्रीचा, हातात फुलांचा गुच्छ. आवाज इतका मऊ की जवळ सरकून ऐकावं लागत होतं. "तुमचं शेवटचं पान मी नेहमी वाचतो. मन भरून येतं." मला बरं वाटलं. का नाही वाटणार? "मलाही हातभार लावायचाय. अडचणीतल्या बायकांना आसरा देणारं इथे कोणी आहे का?"

मी तोंड उघडलंसुद्धा होतं. नाव सांगणार नव्हते, पण "आहे" एवढं नक्की म्हणाले असते. तेवढ्यात तोच म्हणाला, "लहान मुलगी बरोबर असलेल्यांनाही ठेवून घेतात का? साधारण चार वर्षांची?"

खाटेवरची ती मुलगी डोळ्यांसमोर आली.

"नाही हो, असं कोणी नाही माझ्या माहितीत," मी म्हटलं. आणि मागच्या टेबलावरून फ्लॅश, कॅमेरा पुसत, सहज — "अगं, त्या लाँड्रीवाल्या काकू—"

"त्या शाळेतल्या मुलांचे गणवेश फुकट धुतात," मी म्हणाले. फार मोठ्याने. "मुलांचे. ते वेगळं."

फ्लॅशने माझ्याकडे बघितलं. मग त्या माणसाकडे. फ्लॅशचा चेहरा पांढरा पडला, पण बोलला मात्र झकास — "हां, गणवेश. दाखवू फोटो? काय चकाचक निघतात!"

माणूस हसला. "कुठली लाँड्री?"

"बाजारापलीकडची," फ्लॅश म्हणाला. तिकडे एकही लाँड्री नाही.

"चौकशी करतो," म्हणाला. आभार मानले. फुलं टेबलावर ठेवून गेला. खिडकीतून बघितलं तर खाली पानवाल्याला काहीतरी विचारत होता. पानवाल्याने बोटाने दिशा दाखवली. लाँड्रीच्या कोपऱ्याची.

फ्लॅशने कॅमेरा टेबलावर ठेवला. "माझ्यामुळे?" म्हणाला. मी म्हटलं, लिहिलं मी, वाचायला दिलं मी. तू कशाला मान खाली घालतोस?

मागच्या जिन्याने पळत लाँड्रीत गेले. काकू इस्त्री करत होत्या. मी धापा टाकत सगळं ओकले — फोटो, लिखाण, फुलं घेऊन आलेला तो माणूस. त्यांनी हातातला शर्ट पुरा केला. बाह्या, कफ, घडी. मला ओरडावंसं वाटत होतं.

"मध्येच सोडली असती तर शर्ट जळला असता," म्हणाल्या. "आता बोल. फुलं कुठली आणली होती?"

सांगितलं. वरून त्या बाईने ऐकलं असणार, कारण खाटेची करकर झाली आणि मग एकदम शांत झालं.

"तीच," काकू म्हणाल्या. "मारलं की दुसऱ्या दिवशी तीच आणायचा."

तो अजून पोचला नव्हता. पोचणार होता. काकूंचं नेहमीचं एक ठिकाण आहे, दुसऱ्या गावात, पण तिथे पुढच्या आठवड्यापर्यंत जागा नाही. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. मला वाटलं, आता बोलणी बसतील. खरं तर बसायलाच हवी होती.

"तुझ्या घरी कोण कोण असतं?" एवढंच विचारलं.

१७ मार्च, संध्याकाळ

तो आला तेव्हा दुकानात काकू एकट्याच होत्या. त्याने वरची खोली बघायची आहे म्हटलं. काकूंनी जिना दाखवला. परत खाली आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "शर्ट द्या इस्त्रीला. खांद्यावर चुरगळलाय." हे मला काकूंनीच फोनवर सांगितलं, आणि मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला.

बाकीचं उद्या.

१८ मार्च, मंगळवार

संपादकांकडे गेले. फुलांचा गुच्छ त्यांच्या टेबलावर ठेवला आणि कोणी आणला ते सांगितलं. मग माझं लिखाण ड्रॉवरमधून काढून माझ्या हातात दिलं. "कॉम्प्युटरवरचं मी काढून टाकतो. फ्लॅशला सांग, फोटोही." जाता जाता म्हणाले, "माझ्या बायकोला इस्त्रीचे कपडे कुठेतरी द्यायचेच असतात."

पोलीस ठाण्यात काकू, टाकेवाली आणि मी. तिथल्या बाई अधिकाऱ्यांना काकूंनी नावाने हाक मारली. आधीची तक्रार होतीच, त्यात कालचं जोडलं. मी काय बघितलं ते सांगितलं, सही केली. आतापर्यंत मी लिहिलेल्यातलं कुठलंच इतकं नीरस नव्हतं. एकही विशेषण नाही.

पहिल्या पानावर आता पोस्टमनकाकांच्या दुभाजकाचा मोठा फोटो जाणार आहे.

आणि बाबा. काल मी त्या दोघींना घेऊन मागच्या दाराने आले तेव्हा ते पंखा जोडत होते. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, "नंतर." उठले. त्यांच्या खोलीतला पलंग चांगला आहे, तो दिला, स्वतः हॉलमध्ये सतरंजी टाकली. गुडघा दुखतो तरी. मुलगी पंख्याकडे बघत होती. त्यांनी तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. "हा घट्ट कर. मला आता दिसत नाही नीट."

धादांत खोटं. त्यांना सगळं दिसतं.

ती फिरवत राहिली. जीभ बाहेर काढून. पंखा सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा हसली.

आज सकाळी स्वयंपाकघरात तिची आई डबे लावत होती. मी लावू दिले.

१९ मार्च, बुधवार

काकूंचा फोन होता. त्यांच्या नेहमीच्या ठिकाणी जागा झाली की या दोघी जातील. मग म्हणाल्या, "त्यानंतर तुमच्याकडची ती खोली रिकामीच असेल ना?"

बाबांनी पलीकडून "हो" म्हटलं. मी विचारलंही नव्हतं.

आता इथे कोण येतं, कोण जातं हे कागदावर असून चालणार नाही. म्हणून हे शेवटचं पान. बाबा अंगणात बादली ठेवून काडेपेटी घेऊन उभे आहेत, लवकर आटप म्हणतायत.